सांध्यावरची चादर

बुनलुआ कुठल्याही वस्तूपाशी गेला, की आधी बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करायचा. फणस असो, पाण्याची टाकी असो, देवळाच्या नव्या दाराची फळी असो. पेर वाजवायचं, मान कलती करून ऐकायचं, मग पुढचं. सासरा गेला तेव्हा त्याच्या पेटीवरही यानं अशीच टिचकी मारली होती आणि सामरुआयनं, म्हणजे बायकोनं, भिक्षूंच्या देखत त्याच्या हातावर चापट दिली होती. "आत माझा बाप निजलाय म्हाताऱ्या, कलिंगड न्हवं ते!"

पाकनामपोला दोन नद्या मिळतात, तिथून हमरस्त्यानं उत्तरेला निघालं की तांदळाच्या गिरणीपलीकडं त्याची शेड होती. काम गाड्यांचा आवाज मारायचं. उघडा पत्रा टण्ण वाजतो. त्याच्यावर डांबरी रबराची, वरून चंदेरी कागदाची चादर चिकटवून लोखंडी रूळ फिरवला की तोच पत्रा ठप्प वाजायला लागतो. त्या टण्ण आणि ठप्पच्या मधे बुनलुआची बावीस वर्षं गेली होती. दारं, तळ, चाकांवरच्या कमानी, आणि उन्हाळ्यात टपाच्या आतून ऊन अडवणारा जाड फोम. चादर चिकटवणारे गावात आणखी तिघं होते, पण बुनलुआनं केलेलं दार लावलं की भरल्या पोत्यावर पोतं पडावं तसा आवाज यायचा. तो दुसऱ्या कुणाच्या हातून येत नव्हता.

त्याचा बाप नदीत लांब शेपटाची नाव हाकायचा. उघडं इंजिन, तेही कानाशी. चाळिशीत बाप ठार बहिरा झाला आणि घरात सगळेच ओरडून बोलायला लागले. भात वाढलाय म्हणून हाक मारली तरी शेजाऱ्यांना भांडण वाटायचं. त्या कलकलाटात वाढलेल्या बुनलुआनं बोलणंच टाकलं. शाळेतून गिरणीत, गिरणीतून बँकॉकच्या एका गॅरेजात. तिथं एका म्हाताऱ्या चिनी मिस्त्रीनं त्याच्या हातात रूळ दिला. स्वतः केलेलं पहिलं दार लावलं तेव्हा याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणतात. म्हणतात म्हणजे सामरुआय म्हणते. तो काही बोललेला नाही. लोक त्याला गपकाका म्हणायचे. काम पण गप, माणूस पण गप.

आता, सीट काढल्या आणि गालिचा उचलला की गाडी नागडी होते. विकणाऱ्यानं आईची शपथ घेऊन नाकारलेली महापुराच्या गाळाची रेघ दिसते. नवऱ्याच्या सीटखाली परक्या बाईचं कानातलं सापडतं. बुनलुआला एकदा पिस्तुलाची गोळी सापडली होती, एकदा कागदात गुंडाळलेला कुणाचा तरी दुधाचा दात. सापडलेलं पाकिटात घालून तो मालकाच्या हातात द्यायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. कुणी खोदून विचारलंच तर, "चादरीखालचं चादरीखाली." एवढंच. ह्या एका वाक्यावर त्याची इज्जत उभी होती, आणि ह्याच वाक्यासाठी क्वांगशेठ त्याच्याकडं गाड्या पाठवायचा.

क्वांगशेठ जुन्या गाड्यांचा व्यापारी. बुनलुआच्या शेडखालची जमीनही त्याचीच. माणूस गोड, सणाला मोचीचे, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या मऊ मिठाईचे, डबे पाठवायचा, सामरुआयला 'वहिनी' म्हणायचा.

मे महिन्यातल्या एका बुधवारी तो स्वतः आला. मागून त्याच्या माणसानं एक पांढरी व्हॅन आणून शेडमधे लावली.

"बुन, हिला शनिवारपर्यंत मुकी कर," शेठ म्हणाला. "सोमवारी शाळा सुरू होतात. सांगदुआन म्हणून बाई आहे, पोरांची ने-आण करते, तिनं घेतलीय. टपाला फोम मार चांगला, पोरं भाजून निघायला नकोत. आणि मधल्या भागात, दारांमधले दोन्ही खांब आणि तळ, एक बोटभर जागा सोडायची नाही. डबल थर."

"पत्र्याला निम्मी चादर बास होते शेठ," बुनलुआ म्हणाला. "आवाज तेवढ्यानंच मरतो. बाकीचं नुसतं वजन."

"वजनाचे पैसे मी देतोय ना? सगळं झाक."

शेठ हसला, गाडीत बसला, गेला. व्हॅन उन्हातून आली होती. थंड होताना तिचा पत्रा टिकटिक करत राहिला. बुनलुआनं पुढच्या दारावर पेर वाजवलं. मग मागच्या कुशीवर. मग पुन्हा पुढं.

"काय ऐकतोयस?" सामरुआयनं पिशवीतली बर्फाची कॉफी त्याच्यापुढं धरली.

"दोन गाड्या हायत."

"एकच दिसतीय मला. ऊन लागलंय तुला."

दुसऱ्या दिवशी त्यानं सीट काढल्या, गालिचा उचलला. गालिच्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला तळ्याच्या गाळाचा वास होता. मागच्या अर्ध्यातून ईशान्येकडची तांबडी माती झडली. दुसऱ्या रांगेच्या सीटखाली तळ आडवा राखाडी रंगवलेला होता, रंग ताजा. बुनलुआनं पातं घेऊन थोडा खरवडला. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली वेल्डिंगचे गुठळे, ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. तोंडावर आपटलेल्या एका गाडीची पाठ आणि पाठीत आपटलेल्या दुसऱ्या गाडीचं तोंड आणून कुणीतरी ती मधोमध शिवली होती.

अशा गाड्या असतात हे त्याला ठाऊक होतं. अशी एकही त्याच्या हाताखालून गेली नव्हती. निदान त्याला तसं वाटत होतं.

मग त्यानं मधल्या खांबावरचं प्लास्टिकचं झाकण ओढलं आणि त्याचा हात थांबला. खांबाला, जिथं जोड होता तिथं, पांढरा सुती दोरा गुंडाळलेला होता. देवळातला, मंत्रलेला. नऊ गाठी. दोऱ्यात मोगऱ्याची एक कळी खोचलेली, वाळून तपकिरी झालेली.

असा दोरा पोरांच्या मनगटाला बांधतात, नव्या घराभोवती फिरवतात, मेलेल्याच्या पेटीला जोडून भिक्षूंच्या हातात देतात. गाडीला बांधायचा तर समोर आरशाला बांधतात, चारचौघांना दिसेल असा. खांबाच्या आत, झाकणाखाली, कुणी बांधत नाही.

सामरुआय वाकून बघत होती. तिनं दोन्ही हात जोडले.

"हे शेठचं काम न्हाई," ती हळू म्हणाली. "ज्यानं वेल्डिंग मारलं, त्यानं बांधलंय. माफी मागितलीय मेल्यानं."

"ज्ये मेले त्यांची?"

"न्हाई रं. ज्ये बसणार हायत त्यांची."

उन्हानं शेडचा पत्रा तडतडला. पलीकडं गिरणीचा पट्टा फिरत होता. बुनलुआनं दोऱ्याला हात लावला नाही. झाकण हळूच जागेवर टेकवलं आणि बाहेर जाऊन टायरावर बसला.

"बोल त्या बाईशी," सामरुआय म्हणाली.

"जागा शेठची हाय."

"मग शेठशी बोल."

"त्याला काय ठाव न्हाई व्हय?"

"मग काय करणार? गप बसणार?"

तो गपच बसला. पण त्या दोन दिवसांत त्यानं एक गोष्ट केली, आणि तिला तो मनातल्या मनात बोलणं समजत होता. टपाला फोम मारला, दारं केली, चाकांच्या कमानी केल्या, रूळ फिरवून फिरवून खांदा भरून आला. तळावर चादर पसरली. फक्त सांध्यावर, चार बोटं रुंदीची पट्टी, इकडून तिकडं, त्यानं उघडी ठेवली. वर नुसता गालिचा. खांबही तसेच सोडले. गाडी बाकी मुकी असेल, आणि तिथंच कण्हेल. बाईला ऐकू येईल, ती शेठकडं जाईल, आपलं नाव मधे येणार नाही. असा त्याचा हिशेब.

शनिवारी शेठचा माणूस व्हॅन घेऊन गेला. त्या दिवशी बुनलुआ नीट जेवला.

रविवारी सकाळी नऊलाच ती व्हॅन पुन्हा शेडच्या दारात उभी राहिली. आतून एक आडव्या बांध्याची, पस्तिशीची बाई उतरली. डोक्याला टोपी, हातात भाजलेल्या केळ्यांची पिशवी.

"गपकाका तुम्हीच ना? मी सांगदुआन. घ्या, केळी खा. मावशी, तुम्ही पण घ्या. काका, काम झकास हो! माझी आधीची गाडी म्हणजे भांड्यांचं दुकान. आत पोरं बोंबलायची, मी त्यांच्यावर बोंबलायचे, घरी जाऊन नवऱ्यावर बोंबलायचे. त्याची सवयच लागली होती. आता हिच्यात बसलं की देवळात बसल्यासारखं वाटतं. फक्त एक आहे."

बुनलुआनं केळं हातातच धरलं.

"वळण घेतलं की मधेच कुरकुरतं. बांबूच्या पुलावर पाय दिल्यावर करतो ना, तसं. नदीच्या मोठ्या पुलावरून उतरताना तर दोनदा कुरकुरलं. म्हटलं, काकांची चादर तिथं राहिली असणार. चिकटवून द्या ना जरा. उद्यापासून पोरं आहेत. अकरा." तिनं सरकतं दार ओढलं. "बघा, नावंसुद्धा चिकटवली. नाहीतर खिडकीसाठी मारामारी."

सीटच्या पाठींवर रंगीत कागद होते. ससा, बेडूक, आंबा. प्रत्येकावर एकेक टोपणनाव. दुसऱ्या रांगेत तीन. बरोबर सांध्यावर.

सामरुआयनं नवऱ्याकडं बघितलं. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली.

दोन दिवस बुनलुआनं स्वतःची समजूत घातली होती की गाडी स्वतःचं सांगेल. गाडीनं सांगितलंही. आणि ऐकणारी उठून त्याच्याकडंच आली होती, गाडीचं तोंड बंद करून घ्यायला. मग त्याच्या ध्यानात आलं, की ह्या धंद्यात आवाज ऐकून माणूस दुसरीकडं जातच नाही. तो इथंच येतो.

"पोरी," तो म्हणाला. "हितं यिऊन उभी ऱ्हा."

"किती वेळ लागेल काका? दुपारी पालकांची बैठक आहे."

"उभी ऱ्हा."

त्यानं दुसऱ्या रांगेच्या सीट सोडवल्या, बाहेर काढून भिंतीला लावल्या. गालिचा गुंडाळला. उघडी राखाडी पट्टी दिसली. खांबाचं झाकण काढलं, दोरा दिसला. सांगदुआनचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं.

"हे काय आहे?"

त्यानं जॅक ओढत आणला आणि मागच्या उजव्या चाकाशी लावला. "दार लाव," तो म्हणाला. तिनं सरकतं दार लावलं. सुरेख, जड, पोत्यावर पोतं. "उघड." उघडलं. "लाव." त्यानं जॅकचा दांडा वरखाली मारायला सुरुवात केली. चाक जमिनीवरून सुटलं.

"आता उघड."

तिनं ओढलं. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पाय लावून ओढलं.

"अडकलंय."

"गाडी वाकलीय," बुनलुआ म्हणाला. "चांगली गाडी अशी वाकत न्हाई. ही एक गाडी न्हाई पोरी. पुढची एकीची, मागची एकीची. दोन्ही मेल्या. मधे शिवलीय. आत जा, पुढच्या दारानं. पट्टीकडं बघ."

ती पुढच्या दारानं आत चढून गुडघ्यांवर बसली. बुनलुआनं आणखी एक दांडा मारला. पुट्टीत केसाएवढी चीर उमटली. आणखी एक. आतून 'कट्ट' आवाज आला, कुणीतरी सुपारी फोडावी तसा.

"बास काका. कळलं मला."

तो थांबला नाही. केसाएवढ्या चिरेवर शेठचा वेल्डर एका दुपारीत पुन्हा टाके मारील, पुन्हा रंग, पुन्हा दुसऱ्या कुणाकडून चादर. त्यानं दांडा मारला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"काका, बास म्हटलं ना! माझी गाडी आहे ती! माझे पैसे—"

कट्ट. मग लांब, ओला वाटावा असा आवाज, कापड फाटल्यासारखा. तळात बोटभर फट पडली. सांगदुआननं फटीतून खाली बघितलं. खाली शेडची जमीन होती, आणि तिच्यावरून सामरुआयची कोंबडी चालत चालली होती.

मागं रेलून तिनं मागच्या रांगेतल्या सीटवरचा एक कागद काढला. बेडकाचा. परत लावला.

"तुम्ही शनिवारी का नाही बोललात?" ती म्हणाली.

बुनलुआनं दांडा खाली ठेवला.

"शनिवारी दुपारी मी ह्याच गाडीतून माझ्या पोरीला पोहायला नेलं. इथंच बसली होती ती. हमरस्त्यावर नव्वदनं नेली. तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हतं."

"आणि पट्टी उघडी ठेवून झोपलात तुम्ही."

"व्हय."

तिनं फोन काढला आणि फटीचा फोटो घेतला, खांबाचा घेतला, दोऱ्याचा जवळून घेतला. मग पालकांच्या ग्रुपवर टाकले. थोड्याच वेळात फोन एकसारखा वाजायला लागला, पण तिनं उचलला नाही.

क्वांगशेठ अर्ध्या तासात आला. रविवार असून इस्त्रीचा सदरा. त्यानं उचललेली व्हॅन बघितली, वाकून तळ बघितला, रुमालानं मान पुसली.

"किती जणांनी बघितलं?" त्यानं विचारलं.

"अकरा आयांनी," सांगदुआन म्हणाली. "सासवा मोजलेल्या नाहीत."

शेठ हसला. अगदी मनापासून हसल्यासारखा. "उद्या ये ताई, पैसे परत घेऊन जा. मला कुणी टोपी घातली, मी तुला घातली, संपलं. एवढ्या उन्हात भांडण कोण करतं?" तो इतक्या चटकन कबूल झाला, की सांगदुआन रागावायचीही थांबली. तिच्या अंगावर काटा आलेला सामरुआयला दिसला.

मग शेठ बुनलुआकडं वळला. आवाज तसाच, सणाला मोची देताना असायचा तसा.

"शेड महिनाअखेर रिकामी कर, बुन. तुझ्यावर राग नाही हं माझा. पण एक सांग, आजच कुठून जीभ फुटली? ह्याच्याआधीच्या चार गाड्यांना कुठं होती?"

"त्या चांगल्या व्हत्या," बुनलुआ म्हणाला.

"तू बघितल्यास?"

शेठनं उत्तराची वाट बघितली नाही. गाडी वळवून निघून गेला. धूळ शेडमधे आली.

त्या चार व्हॅन आल्या होत्या तेव्हा त्यांच्या तळावर आधीच एक थर चिकटवलेला होता. शेठचा माणूस म्हणाला होता, पहिला थर आमच्या आवारात मारलाय, वरून दुसरा तू मार, खांबांना हात लावू नको, वेळ वाचेल. बुनलुआनं मारला होता. वरून पेर वाजवलं होतं. ठप्प वाजलं होतं. वाजणारच. ह्यावेळी आवारात तो पहिला थर मारणारा माणूस सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, घरी गेला तो परतलाच नव्हता, म्हणून ही तेवढी उघडी आली.

"म्हाताऱ्या," सामरुआय म्हणाली. "च्यारी गाड्यांची माणसं महिन्याभरानं तपासणीला आली व्हती. मी नंबर घेतल्यात."

तिनं फोन काढला. नंबर तिनं नावांनी ठेवले नव्हते, तिला आठवतील अशा खुणांनी ठेवले होते. 'ताखली निळे पडदे.' 'दात पुढं, हसरा.' 'जुळी पोरं.' 'देऊळवाला.' तिनं पहिला लावला, आवाज मोठा केला आणि फोन बुनलुआच्या हातात दिला. त्यानं तो निखारा धरावा तसा धरला. सांगदुआन उठून जवळ आली.

तिकडून लगेच उचलला.

"अरे, गपकाका! आज तुमचा फोन? सूर्य कुठं उगवला म्हणायचा!" मागं टायरांची बारीक, सलग सरसर ऐकू येत होती, तीही कष्टानं. "मी प्रयोंग, ताखलीचा. काका, तुम्हाला किती जणांना सांगितलंय मी! काय गाडी करून दिलीत! शंभरवर नेली तरी आत हूं की चूं नाही. आत्ता शाळेच्या पोरांना घेऊन धबधब्याला चाललोय, तर बघा, नऊच्या नऊ मागं गाढ झोपलीत. एकाला कळत नाही गाडी चाललीय म्हणून. हॅलो? काका? बोला ना. ऐकू येतंय ना?"

"येतंय," बुनलुआ म्हणाला. "गाडी हळू कर. हळूहळू. ब्रेक जोरात मारू नको. आणि बाजूला घे."